फुगायला जागा

माझ्या घरातला एकही खण पावसाळ्यात अडकत नाही, आणि गेली काही वर्षं मला याचीच चुटपुट लागून राहिली आहे. पुण्यातला लहानसा फ्लॅट, सगळं फर्निचर प्लायवुडचं, वर सनमायका, आत लोखंडी पट्ट्यांवर सरकणारे खण. जुलैत उघडतात तसेच एप्रिलमध्ये. बोटानं ढकलले की शेवटच्या दोन इंचांत आपसूक, हळूच मिटतात. या लाडाचे मी वेगळे पैसे मोजले आहेत. तक्रार करावी असं काही नाही. पण बाहेर पाऊस पडतोय याचा या खणांना पत्ताच नसतो, हे हल्ली खुपायला लागलंय.

कुडाळजवळच्या आमच्या घरी माजघरात एक सागवानी कपाट होतं. खालच्या अंगाला दोन खण. मृग लागून आठ-दहा दिवस झाले की ते असे रुतून बसत, की दोघांनी मिळून ओढलं तर खणाऐवजी कपाटच पुढे यावं. मग ते उघडायचे थेट दसऱ्याच्या आसपास. आजीला याचं काही वाटत नसे. आगोटीच्या तयारीत सुकी लाकडं, सुकी मासळी, आमसुलं, पापड यांच्या जोडीला खण रिकामे करणं हेही एक काम होतं. सुंठ, वेखंड, जायफळ, रेशनकार्ड, पोस्टाचं पासबुक असं पावसात लागणारं सगळं बाहेर निघे, आणि चार महिने ज्याच्यावाचून अडणार नाही ते आत जाई : आजोबांची पत्रं, जरीचा एक विरलेला शेला, कुणाकुणाच्या पत्रिका. खण बसला की पावसाळा लागला, हे आम्हा मुलांचं पंचांग.

माझे वडील भौतिकशास्त्र शिकवत. रेल्वेच्या दोन रुळांमध्ये फट का ठेवतात, हा प्रश्न ते नववीच्या पेपरात वर्षाआड घालत. एका गणपतीत त्यांना कुठलासा कागद हवा होता आणि तो नेमका खणात. त्यांनी शेजारून रंधा आणला, कपाटाची मागची फळी उचकटून खण ठोकून बाहेर काढला, त्याच्या दोन्ही बाजूंच्या वरच्या कडा सपासप तासल्या. खण सुळकन आत गेला. घरात कौतुक झालं. शिमग्याला पुन्हा गेलो तेव्हा तोच खण कपाटात खुळखुळत होता; थोडा ओढला की नाक खाली टाकायचा. गावचे मेस्त्री दाराच्या बिजागरीसाठी आले होते, त्यांनी तो दोनदा आतबाहेर केला आणि विचारलं, "पावसात रंधो कोणी मारल्यान ह्येका?"

बाबा गप्प.

"फुगलेला लाकूड तासूचा नसता, मास्तर. तेका जागा ठेवूची लागता. आणि थांबूचा लागता."

रुळांचा प्रश्न त्यानंतरही पेपरात येत राहिला. घरी मात्र त्या खणाचा विषय निघाला की बाबांना चहाची तल्लफ येई.

हे सगळं मी विसरलो होतो. परत आठवलं ते मुळशीच्या वाटेवरच्या एका शेडमध्ये. एका स्नेह्याला जेवणाचं टेबल करून घ्यायचं होतं, मी नुसताच सोबतीला. पाटीवर 'स्टुडिओ' लिहिलेलं. सुताराच्या कामाच्या जागेला स्टुडिओ म्हटलं की किमतीत एक शून्य वाढतं, असं मी गाडीतच बोलून घेतलं होतं. आत गेलो तर वास ओळखीचा : सागाचा तो तेलकट, चामड्यासारखा वास, त्यात लाखदाण्याच्या पॉलिशमधल्या स्पिरिटची झणझण. फरशीवर रंध्याच्या लांबलचक वेटोळ्या साली. एक उचलून उजेडात धरली तर तिच्यातून खिडकी दिसली.

स्टुडिओ चालवणारी मुलगी पस्तिशीची असेल. शिकलेली वास्तुशास्त्र. "इमारत उभी राहीपर्यंत आपण म्हातारे होतो, काका. टेबल दोन महिन्यांत उभं राहतं," एवढंच कारण तिनं सांगितलं, आणि मला ते पुरेसं वाटलं. दोन कारागीर वाकून काम करत होते, कमरेइतक्या उंच बाकावर, लाकूड शिकंज्यात धरून. माझ्या डोळ्यांपुढचा सुतार हा जमिनीवर बसणारा. लाकूड पायाच्या अंगठ्यानं दाबून धरणारा, पटाशी हातात आणि शिकंजा पायात. मी तसं म्हणालो. ती म्हणाली, तिच्याकडचे मिस्त्री अजूनही अवघड खाच आली की खाली बसतात. बाक ग्राहकांना दाखवायला आणि पाठीच्या डॉक्टरला टाळायला.

मी सवयीनं तयार टेबलाच्या पृष्ठभागावरून हात फिरवला. ती म्हणाली, "वरून सगळेच बघतात. आधी खालून बघा," आणि मिस्त्रींच्या मदतीनं टेबल चक्क पालथं घातलं.

खाली पाहण्यासारखं काय असेल असं मला वाटलं होतं, आणि तिथेच माझी दुपार गेली. वरची फळी खालच्या चौकटीला कुठेही खिळ्यानं ठोकलेली नव्हती, सरसानं चिकटवलेलीही नव्हती. चौकटीच्या आतल्या बाजूला एक सलग खाच, आणि त्या खाचेत जीभ अडकवून बसलेली बोटभर लांबीची लाकडी बटणं, फळीला स्क्रूनं धरलेली. बटणं खाचेत मागेपुढे सरकू शकतात. म्हणजे एवढं जड टेबल, आणि त्याचा माथा पायांवर नुसता धरून ठेवलेला, जखडलेला नाही.

"का?" असं मी विचारायच्या आतच ती सुरू झाली. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही. हवेतला ओलावा पिऊन फुगतं ते आडवं, रुंदीत. त्यातही खोडाच्या वर्तुळांच्या कडेकडेनं जितकं फुगतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडून सालीकडे फुगतं. म्हणून फळी खोडातून कशी कापली आहे यावर ती किती हलणार, वाकणार ते ठरतं. साग त्यातल्या त्यात शहाणा, कमी हलतो. तरी पुण्याच्या मे महिन्यातली फूटभर रुंद सागवानी फळी जुलैत दोन-तीन मिलिमीटर रुंद झालेली असू शकते. चार फळ्यांचं टेबल म्हणजे जवळजवळ एक सेंटिमीटर. ते खिळ्यांनी जखडलं तर फुगणारं लाकूड कुठे जाणार? स्वतःलाच फाडतं. "आवाज येतो, काका. रात्री. बंदुकीसारखा."

मग तिनं एक दार दाखवलं. चौकट, आणि चौकटीच्या खाचेत बसवलेली मधली फळी. फळीला कुठेही सरस नाही. आत ती सुटी आहे, दोन्ही बाजूंना श्वास घेण्यापुरती रिकामी जागा ठेवून. आपल्या जुन्या वाड्यांची दारं-कपाटं सगळी याच युक्तीची आहेत. मी लहानपणापासून त्यांच्यावर डोकं आपटत, त्यांच्यामागे लपत वाढलो, आणि ती फळी सुटी आहे हे मला साठीच्या उंबरठ्यावर कळलं. मी दाराच्या मधल्या भागावर अंगठा ठेवून किंचित दाबलं. केसभर सरकलं. कपड्याखाली कुणाचा तरी श्वास लागावा तसं मी हात मागे घेतला.

शेवटी एक उभं कपाट, चार खणांचं. कुणीतरी आगाऊ पैसे भरून ठेवलेलं, दोन दिवसांत जाणार होतं. ती म्हणाली, वरचा खण बंद करा. मी केला. तसा खालचा खण आपोआप दोन बोटं बाहेर आला. खालचा ढकलला तर वरचा आला. मी पोरासारखा चार-पाच वेळा तेच करत बसलो. खण इतके नेमके बसलेले, की आतल्या हवेला निसटायला जागा नाही. एक आत गेला की दबलेली हवा दुसऱ्याला बाहेर लोटते.

"मग हे पावसाळ्यात अडकणार," मी म्हणालो. मला बाबांचा रंधा आठवला होता.

"बाजूंनी नाही अडकत. खणाची दर्शनी फळी आडवी, ती लांबीत वाढत नाही. अडकतात ते उंचीत. सहा इंच उंचीची बाजू पावसाळ्यात मिलिमीटर-दीड मिलिमीटर चढू शकते. म्हणून फट सोडायची ती वर. आणि आत्ता कोणता महिना चाललाय ते बघून सोडायची." भिंतीवर ओलावा मोजायचं एक छोटं यंत्र टांगलेलं होतं, घड्याळासारखं. सकाळी आल्यावर पहिली नजर त्याच्याकडे जाते म्हणाली, मोबाइलच्या आधी.

मेस्त्री जे दोन वाक्यांत सांगून गेले होते ते मला चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी आकड्यांसह कळलं. स्नेह्यानं किंमत ऐकली, विचार करतो म्हणाला, आणि पुढच्या आठवड्यात दुकानातून टेबल आणलं. त्याला नावं ठेवायचा मला अधिकार नाही. माझ्या घरात काय आहे ते मी आधीच सांगितलंय. आणि आपल्याकडे लाकडाची किंमत कळायला बहुधा ते परदेशी जावं लागतं. चंडीगढच्या सरकारी कचेऱ्यांसाठी पिएर जान्नरे यांच्या देखरेखीखाली केलेल्या सागाच्या आणि वेताच्या खुर्च्या आपण वर्षानुवर्षं गच्चीवर, जिन्याखाली रचून ठेवल्या, भंगारात काढल्या. युरोप-अमेरिकेतल्या लिलावांत त्यांना लाखांनी बोली लागू लागली तेव्हा आपल्याला त्या खुर्च्या आहेत हे दिसलं.

तरी खुर्चीबद्दल आपण इतके बेफिकीर का, याला एक जुनं कारण असावं. आपण मुळात जमिनीवर बसणारी माणसं. खुर्ची शब्द अरबीतून आला, टेबल इंग्रजीतून. हिंदीतली अलमारी पोर्तुगिजांची. कपाट हा शब्द संस्कृत खरा, पण संस्कृतात त्याचा अर्थ दाराची फळी. आपण दार घेऊन त्यामागे अख्खी पेटी जोडली. मेस्त्री, मिस्त्री हेही पोर्तुगीज 'मेस्त्रे'चंच रूप. घरचं म्हणावं असं आपल्याकडे काय, तर पाट, चौरंग, देव्हारा, फडताळ, झोपाळा. पाटाला पाठ नाही, हात नाहीत, दोन आडव्या पट्ट्यांवर एक फळी. त्यावर बसून माणसाची मुंज होते, लग्न होतं.

मग बलुतेदार सुताराची कारागिरी कुठे गेली? ती शेतात गेली. नांगरात, पाभरीत आणि बैलगाडीच्या चाकात. मला विचाराल तर महाराष्ट्रातलं सगळ्यात हुशार फर्निचर म्हणजे ते चाक, फक्त त्यावर कुणी बसत नाही. मधला तुंबा, त्यात ठोकून बसवलेले बाभळीचे आरे, आऱ्यांच्या टोकांवर तुकड्यातुकड्यांनी जुळवलेलं लाकडी कडं. सरस नाही, स्क्रू नाही. मग लोहार लोखंडाची धाव चाकाच्या घेरापेक्षा अंमळ लहान करतो, गोवऱ्यांच्या जाळात लाल करतो. तापली की ती फुगते, चाकावर चढते; वरून पाणी ओतलं की आवळते आणि सगळे सांधे करकचून मिटतात. म्हणजे लोखंड उष्णतेनं फुगतं आणि लाकूड पाण्यानं, या दोन्ही गोष्टी सुतार आणि लोहार मिळून एका चाकात कामाला लावतात. उन्हाळ्यात लाकूड आटून आरे खुळखुळायला लागले की गाडीवान गाडी ओढ्याच्या पाण्यात उभी करून ठेवी. रात्रभरात चाक फुगून पुन्हा घट्ट. बाबांनी रुळांऐवजी हा प्रश्न पेपरात घातला असता, तर वर्गातली अर्धी पोरं पैकीच्या पैकी मिळवून गेली असती.

मुळशीच्या त्या दुपारनंतर मला एक नाद लागला. जिथे जाईन तिथे लाकडाचं काम शोधायचं आणि यजमानांची परवानगी न घेता वाकून टेबलाखाली बघायचं. सावंतवाडीच्या चितारआळीत गेलो. लाकडी आंबे, फणस, केळ्यांचे घड, रंगीत पाट, आणि राजवाड्यात गंजिफा रंगवणारे हात. दशावतारी गंजिफेची पानं 120, एकेका अवताराची बारा. देखणं काम. पण तिथे मी फार रमलो नाही, हे कबूल करतो. रंगाखाली लाकूड दिसतच नाही, आणि मला तोवर लाकडाचंच व्यसन जडलं होतं. दोष चितारआळीचा नाही.

मग भाचीकडे अमेरिकेला गेलो. ती न्यू जर्सीत एडिसनला असते. काय बघायचंय मामा, असं तिनं विचारलं आणि मी न्यू होप म्हणालो. डेलावेअर नदी ओलांडली की पेनसिल्व्हेनियातलं हे छोटं गाव येतं. गावाबाहेर झाडीत जॉर्ज नाकाशिमांचं घर आणि कार्यशाळा आहे. ते 1990 साली गेले. त्यांची मुलगी मीरा हिनं काम पुढे चालू ठेवलं.

नाकाशिमांचं नाव मी पुदुच्चेरीत ऐकलं होतं. अरविंद आश्रमाचं गोलकोंड हे वसतिगृह मी रस्त्यावरून पाहिलं होतं : दोन्ही बाजूंनी पट्ट्यापट्ट्यांच्या झडपांनी भरलेली काँक्रीटची ती शांत इमारत. रचना अँटोनिन रेमंड यांची. त्यांच्या टोकियोच्या कचेरीतून 1930 च्या दशकाच्या उत्तरार्धात ती उभारायला आला तो हा तरुण वास्तुविशारद नाकाशिमा, अमेरिकेत जन्मलेला, जपानी आईबापांचा. आला कामासाठी आणि आश्रमातच राहिला. श्रीअरविंदांनी त्याला नाव दिलं सुंदरानंद. गोलकोंडच्या खोल्यांना आतून सागाची सरकती दारं आहेत, पट्ट्या मागेपुढे बसवलेली : नजर अडते, वारा जातो. तिथलं फर्निचर करताना या माणसाच्या हाताला साग लागला.

पुढे युद्ध आलं. अमेरिकेनं आपल्याच जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत कोंडलं. 1942 मध्ये नाकाशिमा बायको आणि तान्ह्या मुलीसह आयडाहोतल्या मिनिडोका छावणीत पोहोचले. काटेरी तारेच्या आत त्यांना गेंतारो हिकोगावा नावाचा जपानी पद्धतीत तयार झालेला सुतार भेटला. हातात येतील ती लाकडं, उरलंसुरलं सामान, आणि हाती रिकामा वेळ. सांध्यांचं, हत्यारांचं, धीराचं शिक्षण त्या छावणीत झालं. 1943 मध्ये रेमंड यांनी हमी घेऊन त्यांना सोडवलं आणि आपल्या न्यू होपच्या शेतावर आणलं. तेव्हापासून हे गाव. 1964 मध्ये ते पुन्हा भारतात आले, अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत. त्यांच्या रचनांचं फर्निचर काही वर्षं तिथेही तयार होत होतं.

ऑक्टोबर होता. झाडं पेटल्यासारखी. मी आधी लाकूड ठेवायच्या जागेकडे वळलो. एकेक ओंडका आडवे काप घेऊन फळ्या केलेला, आणि त्या फळ्या ज्या क्रमानं कापल्या त्याच क्रमानं पुन्हा एकावर एक रचलेल्या, मध्ये हवेसाठी चिपा. दुरून पाहिलं तर पुन्हा अख्खा ओंडकाच, फक्त थरांमधून उजेड येणारा. लाकूड उघड्यावर सुकवायचं तर इंचाला एक वर्ष, असा सुतारांचा ढोबळ हिशेब असतो. तिथल्या जाड फळ्यांना त्या हिशेबानंही बराच काळ थांबावं लागतं. भाची कुजबुजली, "मामा, हे सगळं वाळवण आहे." पापडांची आठवण तिलाही आली होती.

मग खुर्च्या. त्यांची कोनॉइड खुर्ची मी फोटोत पाहिली होती आणि विश्वास ठेवला नव्हता. पुढचे पायच नाहीत. दोन उभे खांब, खाली घसरगाडीच्या पट्ट्यांसारखी पावलं, आणि बैठक त्या खांबांमधून पुढे तरंगत असल्यासारखी. पाठीला हिकरीच्या बारीक काड्या. बसलो. कुरकुरली नाही. वजन खांबांच्या सांध्यावर येत असणार, म्हणून सवयीनं खाली वाकलो. भाचीनं इकडेतिकडे पाहून मला दंडाला धरून उठवलं.

पण ज्यासाठी मी थबकलो ते एक टेबल होतं, काळ्या अक्रोडाचं. झाडाची कड जशी वाढली तशीच ठेवलेली, आणि एका टोकाकडून मध्यापर्यंत एक भेग. लपवलेली नाही, भरलेली नाही. तिच्यावर ओळीनं तीन फुलपाखरं : गडद लाकडाच्या, कमरेत बारीक अशा पाचरी, भेगेला आडव्या बसवलेल्या. त्यांचे धागे भेगेच्या बरोबर काटकोनात. लाकूड लांबीत हलत नाही, म्हणून ही फुलपाखरं भेगेच्या दोन्ही कडा धरून ठेवतात, पुढे जाऊ देत नाहीत. आमच्या गावी अशी फळी चुलीत गेली असती. माझ्या मनात आधी तेच आलं : दोष आहे तर मिरवता कशाला? पण भेग म्हणजे लाकूड सुकताना आपणहून मोकळं झालेलं ठिकाण. त्याला हलायला हवं होतं, ते तिथे हललं. कारागिरानं तिला पुसलं नाही, फक्त सांगितलं, इथवर ये, पुढे नको.

या टेबलांची नक्कल आता जगभर होते. फळीच्या भेगेत निळं रसायन ओतून नदी केलेली टेबलं आपल्याही हॉटेलांत दिसतात, खाली दिवेसुद्धा सोडतात. मला ती बघवत नाहीत. लाकडानं स्वतःसाठी जी एकुलती एक जागा मोकळी केली होती, ती प्लास्टिकनं बुजवायची आणि तिला नदी म्हणायचं.

या चढेल विचारांत मी कलादालनाच्या इमारतीपर्यंत आलो. छप्पर असं, की घोड्याच्या खोगिरासारखं दोन दिशांना उलटसुलट वळलेलं, जमिनीवरून उडायच्या बेतात. भाचीनं मोबाइलवर वाचून सांगितलं : हायपरबोलिक पॅराबोलॉइड, 1967, प्लायवुडचं.

प्लायवुडचं!

मी पुन्हा वाचायला लावलं. प्लायवुडचंच. अख्ख्या ओंडक्यांची पूजा बांधणाऱ्या माणसानं डोक्यावर छप्पर घेतलं ते प्लायवुडचं. तिथल्या दगडी पायरीवर बसून विचार केला तर त्यात काहीच विसंगत नव्हतं. प्लायवुड म्हणजे लाकडाचे पातळ पापुद्रे, एक उभा एक आडवा असे चिकटवलेले. प्रत्येक पापुद्रा शेजारच्याला हलू देत नाही. छपराला हलणारं लाकूड नकोच असतं. माझा राग प्लायवुडवर होता तो चुकीच्या पत्त्यावर जात होता. माझ्या घरातल्या प्लायवुडला मीच सागाचा फोटो चिकटवून सागासारखं दिसायला लावलं होतं.

गावी परतल्यावर मेस्त्रींच्या घरी गेलो. ते गेले त्याला बरीच वर्षं झाली. मुलगा माझ्याच वयाचा, आम्ही एकत्र आंबे पाडलेले. गावात तोही आता मेस्त्रीच. माझ्याकडे लाकूड होतं : 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळात परड्यातला फणस उन्मळून पडला, तेव्हा चुलतभावानं गिरणीवर नेऊन फळ्या पाडून पडवीत रचून ठेवल्या होत्या. ताजा फणस हळदीसारखा पिवळा असतो. बौद्ध भिक्खूंची चीवरं याच्याच गाभ्याच्या रंगानं रंगवत. आता त्या फळ्यांवर तपकिरी छटा उतरू लागली होती. त्यानं एक फळी नखानं टोकरली, वास घेतला, बोटाच्या गाठीनं वाजवली. मृदंग फणसाचा करतात तो याचसाठी असावा, असा आवाज आला.

"काय करू?"

"कपाट. छोटा. दोन खण."

"खंय ठेवतलंस?"

"पुण्यात."

तो थांबला. "मगे हयची फट थय चलूची नाय." मग त्यानं मला प्रश्न विचारले, आणि कुठल्याही डॉक्टरनं मला इतके नेमके प्रश्न विचारलेले नाहीत. खोली कुठल्या दिशेला? दुपारचं ऊन येतं का? पावसात खिडकी उघडी असते की बंद? एसी लावता? मे महिन्यात ओठ फुटतात का? मी पुण्यातल्या माझ्या खोलीबद्दल पहिल्यांदाच इतका विचार करत होतो. शेवटी तो म्हणाला, दिवाळीनंतर करीन. आत्ता नाही. मी घाईत असल्याचं सांगितलं तर हसला, "तुझो बापूस पण घायत होतो."

कपाट फेब्रुवारीत आलं, गोधडीत गुंडाळून, टेम्पोत सामानावर आडवं घालून. बायकोनं सगळ्या बाजूंनी पाहिलं. रंग आवडला, वास आवडला. मग ती वाकली. "अहो, हे खण वर केवढे सैल आहेत. फट दिसतेय चांगली. परत पाठवा."

"हिशेबाची आहे ती."

"कुणाच्या हिशेबाची?"

मार्चमध्ये फट होती. एप्रिलमध्ये होती, किंचित वाढलीच होती. मे महिन्यात खण उघडताना खुळखुळायचा आणि बायको माझ्याकडे बघायची. मी वरच्या खणात चष्मा आणि औषधं ठेवली, खालच्यात बाबांची जुनी पेपरांची गठडी. जून कोरडा गेला. जुलैच्या पहिल्या आठवड्यात पाऊस लागला तो सलग अकरा दिवस. कपडे वाळेनात, पापड मऊ पडले, पुस्तकांना वास यायला लागला.

बाराव्या दिवशी पहाटे रक्तदाबाची गोळी घेतली, दिवा न लावताच वरचा खण तळव्यानं आत लोटला. तो सावकाश गेला, आत काहीतरी दाबत. आणि गुडघ्याला कसलासा हलका धक्का लागला. खाली हात नेऊन चाचपलं. खालचा खण दोन बोटं बाहेर आला होता.